अहिरराव सरांचं मूळवाचन

जुलै उजाडला की एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला तास अहिरराव सर घेत, आणि त्या तासाला ते इतिहास शिकवत नसत, जबाबदारी शिकवत.

"मास्तरनं चावून द्यायचं आणि तुम्ही गिळायचं, हे बालवाडीत," सर म्हणत. "इथं दात तुमचे लागतात." मग टेबलावरचं तपकिरी बांधणीचं जाड पुस्तक दोन्ही हातांनी उचलत. 'पांझराकाठचे पाट'. चारशे बारा पानं, अडतीस तक्ते, लेखक पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. "हे न वाचता जो माझ्या वर्गात बसेल, तो मला फसवतो, स्वतःला फसवतो आणि घरच्यांना फसवतो."

फसवले जाणारे असे तीन जण मोजून झाले की सर पुस्तक खाली ठेवत आणि वर्गाकडे पाहत. भाषणाचं हे एकोणिसावं वर्ष होतं. वर्षाला चाळीस धरले तरी साडेसातशे मुलांनी ते ऐकलं असेल. त्यातल्या किती जणांनी पुस्तक पूर्ण वाचलं, हे सांगणं अवघड. ज्यांनी वाचलं नाही, त्यांच्यातलं एक नाव मात्र खात्रीनं सांगता येतं: डॉ. मुरलीधर अहिरराव. सर बासष्टाव्या पानापर्यंत गेले होते. बासष्टाव्या पानावर पहिला तक्ता होता.

यात लबाडी अशी कुणाची नव्हती. यादी वजनदार दिसावी म्हणून सरांनी पुस्तक लावलं, दिवाळीच्या सुट्टीत वाचू म्हणाले. दिवाळीपर्यंत पहिली दोन प्रकरणं शिकवून झाली, म्हणून परीक्षेत तेवढ्यावरच प्रश्न आला. मुलांनी तो बरोबर हेरला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी मागच्या वर्षीच्या मुलांना विचारून घेतलं. उरलेली साडेतीनशे पानं अशी दोन्ही बाजूंच्या संमतीनं बंद राहिली आणि जबाबदारीचं भाषण दरवर्षी चालू राहिलं.

दोन हजार छत्तीस साली विद्यापीठानं पट्टी आणली.

कागदोपत्री ती 'वाचन-सत्यापन पट्टी'. मुलं तिला 'मावळण' म्हणत, कारण आत्याबाई घरात बसल्यासारखी तिची नजर सारखी तुमच्या नजरेवर. कपाळाला बांधायची दोन बोटं रुंद पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना तांदळाएवढा कॅमेरा, कानामागं एक संवेदक. वाचताना डोळा काय करतो, तेवढं ती टिपायची.

आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून सरळ वाहत जातो. तसं नसतं. तो उड्या मारतो. एका उडीत सात-आठ अक्षरं, मग पाव सेकंदाचा थांबा, मग पुढची उडी. थांबलेला असतो तेवढाच वेळ तो वाचतो. उडीत असताना जवळपास आंधळा असतो. आठ-दहा उड्यांमागं एखादी उडी उलटी पडते, न कळलेल्या शब्दाकडे. वाक्य कठीण आलं की थांबे लांबतात आणि बाहुली केसभर मोठी होते. नुसती पानं उलटणाऱ्याचा डोळाही उड्या मारतो, पण त्याच्या थांब्यांना मजकुराची पर्वा नसते. 'आणि'वर तो जेवढा टेकतो तेवढाच 'जलसंधारणा'वर.

पण मजकूर कुठं कठीण आहे, हे यंत्राला कोण सांगणार? त्यासाठी नियम असा झाला: ज्या शिक्षकानं पुस्तक नेमलं, त्यानं आधी पट्टी बांधून ते अथपासून इतिपर्यंत वाचायचं. ते 'मूळवाचन'. शिक्षक जिथं अडतो, तिथं विद्यार्थ्यानं निदान हळू तरी व्हावं. मूळवाचनाच्या तुलनेत विद्यार्थ्याला वाचनाचे गुण. गुण नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. नियम करणाऱ्या समितीत सगळे शिक्षकच होते. शिक्षकानं पुस्तक वाचलेलं असतंच, हे त्यांनी गृहीत धरलं. दुसरं काही म्हणायची सोयही नव्हती.

मार्चमध्ये पट्टी सरांच्या हातात आली. मुदत एकवीस दिवसांची. सरांनी चार दिवस प्रामाणिक प्रयत्न केला. पट्टी डुलकी ओळखायची आणि कानामागं टिचकी मारल्यासारखी थरथरायची. बासष्टाव्या पानावर तिनं सरांना एका दुपारी नऊ टिचक्या मारल्या. पाचव्या दिवशी सर कॉलेजच्या फाटकासमोरच्या 'एकवीरा झेरॉक्स'मध्ये गेले.

दुकान वैजयंती बोरसेचं. वय एकतीस, नवरा एस.टी.च्या वर्कशॉपात, मुलगी तिसरीत. दहा वर्षं कॉलेजच्या पोरांच्या नोट्स काढता काढता तिला वाटलं, आपणही शिकावं. म्हणून तिनं एम.ए.ला नाव घातलं होतं आणि पहिल्या वर्षात विभागात पहिली होती. 'पांझराकाठचे पाट' तिनं आजवर एकतीस वेळा झेरॉक्स केलं होतं, तेही पहिली बासष्टच पानं. पुढची कुणी मागितली नव्हती.

"वैजयंती, एक जबाबदारीचं काम आहे," सर म्हणाले.

आपल्याकडच्या कॉलेजात 'सरांचं काम' ही एक स्वतंत्र पदवी असते. उत्तरपत्रिकांची बेरीज, हजेरीपट, चर्चासत्राची निमंत्रणं, सरांच्या घरच्या लग्नाची यादी. ज्याला काम मिळतं तो सरांचा माणूस. त्याला बेगार कुणी म्हणत नाही. करणारा आणि करवून घेणारा, दोघंही विश्वास म्हणतात. वैजयंतीनं वर्षभरात असे बरेच विश्वास सांभाळले होते.

पट्टी हातात घेऊन ती म्हणाली, "पण सर, हे तुम्ही वाचायचं असतं ना?"

"अगं, मी वाचलेलंच आहे. एकोणीस वर्षं शिकवतोय. हे आपलं यंत्राला दाखवायला."

"माझ्या डोळ्यांनी?"

"डोळे सगळ्यांचे सारखेच."

चूक झाली ती इथं. पण त्या वर्षी पट्टीची ओळख फक्त अंगठ्यावर होती. सुरुवातीला अंगठा टेकवला की पुढं डोळे कुणाचे, हे ती विचारत नव्हती. रोज सकाळी दहाला सर दुकानात येत, अंगठा टेकवत आणि निघून जात. बघणाऱ्याला वाटे, सरांचं काय एवढं झेरॉक्सचं काम निघालंय. गिऱ्हाईक आलं की वैजयंती, "भाऊ, मशीन आते बंद शे," म्हणायची आणि पानात डोकं घालायची. सोळा दिवसांत तिनं पुन्हा पहिल्या पानापासून, अडतीसही तक्त्यांसह पुस्तक संपवलं. शेवटच्या दिवशी ती सरांना म्हणाली, "सर, काय पुस्तक आहे हो! विशेषतः मागचा भाग."

"तेच तर," सर म्हणाले.

जुलैत ती दुसऱ्या वर्षात आली आणि पहिल्या तासाला पहिल्या बाकावर बसून तिनं जबाबदारीचं भाषण ऐकलं. तिनं मान खाली घातली नाही, हा तिचा मोठेपणा. सरांनीही घातली नाही, हा त्यांचा सराव. मग वर्गातल्या बाकी बेचाळीस जणांसारखी तिनंही आपली पट्टी बांधून तेच पुस्तक पुन्हा वाचलं. वाचलं नसतं तर गुण नव्हते. आणि खरं सांगायचं तर तिला ते पुन्हा वाचायचंच होतं.

सप्टेंबरात विद्यापीठानं पट्टीत नवी सोय घातली: चाल-जुळणी. अंधारातसुद्धा जिना चढणारा माणूस घरचा कोण, हे पावलांवरून कळतं, डोळ्याचंही तसंच. कुणाच्या उड्या लांब, कुणाच्या आखूड. कुणी ओळ संपताना दोनदा टेकतं. कुणी पान उलटण्याआधी शेवटच्या वाक्यावर परत येतं. दोन-तीनशे पानांत ही चाल इतकी पक्की उमटते की बदलू म्हणता बदलत नाही. विद्यापीठानं जुन्या सगळ्या वाचनांच्या चाली एकमेकींशी जुळवून पाहिल्या, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वैजयंतीला नोटीस आली.

ती नोटीस घेऊन इतिहास विभागात आली तेव्हा सर एकटेच चहा पीत होते.

"वाचा सर."

सरांनी वाचलं. 'आपल्या वाचनाची चाल मूळवाचनाच्या चालीशी सत्त्याण्णव टक्के जुळते. सबब मूळवाचनाची धारिका चोरून आपण ती स्वतःच्या खात्यावर चढवली असल्याचा प्राथमिक निष्कर्ष आहे.' खाली शिक्षा: दोन वर्षं परीक्षाबंदी आणि गुणपत्रकावर 'वाचनचोरी' अशी कायमची तांबडी नोंद.

"म्हणजे तू माझं वाचन चोरलंस, असं म्हणतायत ते," सर म्हणाले.

"हो. आणि तुमचं वाचन म्हणजे माझंच."

"हळू बोल."

"मी दोनदा वाचलंय सर. एकदा तुमच्या नावानं, एकदा माझ्या. अख्ख्या कॉलेजात हे पुस्तक दोनदा वाचलेली मी एकटी, आणि चोर मीच."

सरांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "शिक्षकाचं वाचन खरं धरायचं, असा नियम आहे. यंत्राला एवढंच कळतं की दोन नावं आहेत आणि वाचक एक आहे. मग खोटं नाव धाकट्याचं."

"नियम सतरापण वाचलाय मी," वैजयंती म्हणाली. तिनं नियमांची पुस्तिका झेरॉक्स केली होती, त्यामुळे वाचलीही होती. "दुसऱ्याच्या नावानं वाचलं, तर एक सत्र बंदी. तांबडी नोंद नाही. ते केलंय मी, ती शिक्षा घेते. पण चोरीची नोंद नाही घेणार. येत्या जूनपासून कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर बोलावलंय मला, इतिहास शिकवायला. तांबडी नोंद असलेली बाई वर्गात उभी करतील का कुणी?"

"बघतो मी."

"बघू नका सर. सांगा."

सर प्राचार्यांकडे गेले. सांगायला गेले की बघायला, हे जाताना त्यांचं त्यांनाही ठरलेलं नव्हतं.

प्राचार्य निकुंभांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. "अहिरराव, अर्थशास्त्राचं मूळवाचन कुणी केलं, विचारा मला."

"तुम्हीच केलंत की."

"माझ्या सूनबाईनं. बी.कॉम. आहे, वेळ होता तिला. भूगोलाचं देवरे मॅडमच्या भाच्यानं केलं. राज्यशास्त्राचं कुणी केलं ते त्यांनाही आठवत नाही. अकरा विभागांत खरं मूळवाचन एकच आहे, मराठीच्या पगारे सरांचं, आणि तेही त्यांना दुसरा उद्योग नाही म्हणून."

"मग यंत्रानं तुम्हाला कसं नाही पकडलं?"

"कारण आमची सून आमच्या वर्गात नाही बसत!" निकुंभ म्हणाले. "तुम्ही काम दिलं कुणाला, तर वर्गातल्याच विद्यार्थिनीला. तेही पहिल्या नंबरच्या. अहो, एवढं तरी बघायचं."

निकुंभांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तुमचं मूळवाचन खोटं ठरलं की विद्यापीठ सगळ्यांची तपासणार. कॉलेजची वाचन-मान्यता जाणार. साडेनऊशे पोरांचं सत्र लटकणार. तुमची निवृत्ती चौदा महिन्यांवर, तुमची चौकशी त्यापुढंही चालणार. आणि हे सगळं कशासाठी? एका बाईची दोन वर्षं वाचावीत म्हणून."

"ती दोषी नाही, सर."

"मी कुठं म्हणतोय दोषी आहे? मी म्हणतोय, ती सही करेल. तुमचा शब्द मोडणार नाही ती. तुमची माणूस आहे."

अहिरराव सर बाहेर पडले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, बोललं तर साडेनऊशे पोरं आणि गप्प बसलं तर एक वैजयंती. मोजणाऱ्याला उत्तर सोपं होतं. सरांना ते सोपं वाटेना, कारण त्या साडेनऊशेंपैकी एकानंही त्यांना "बघू नका, सांगा" असं म्हटलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी वैजयंतीनं सही करायच्या ऐवजी अर्ज दिला. नियम चौदा: आरोप असलेल्या विद्यार्थ्याला समोरासमोर वाचनाचा हक्क. समितीनं निवडलेलं एकच पान तिनं आणि शिक्षकानं, दोघांनी समितीसमोर वाचायचं. दोघांच्या चाली वेगळ्या निघाल्या, तर मूळवाचन सरांचं नाही, हे उघड. तारीख मिळाली पुढच्या सोमवारची.

अर्ज वाचून सरांना आधी घाम फुटला आणि मग एक युक्ती सुचली. दोघांच्या चाली वेगळ्या निघाल्या तर! पण एकसारख्या निघाल्या तर? मग तो योगायोग. दोन माणसं एकाच चालीची असू शकतात. मग चोरी नाही, बदली वाचक नाही, कुणाची काही चूक नाही. तिची नोंदही जाते, सरांचं मूळवाचनही राहतं. फक्त सरांना वैजयंतीसारखं वाचता आलं पाहिजे.

रविवारी दुपारी दुकान अर्धं ओढून दोघं बसली.

"मला पटत नाही हे," वैजयंती म्हणाली. "पण तुम्ही म्हणता म्हणून. माझी एक सत्राची शिक्षापण वाचते, एवढाच लोभ. बांधा पट्टी."

सरांनी पट्टी बांधली. मोबाइलवर जुळणीचा आकडा दिसत होता. एकेचाळीस.

"लांब उड्या मारताय. मी आखूड मारते. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडं टेकायचं."

"असं?"

"आता एकदम थांबलात. टेका म्हटलं, बसकण मारा नाही म्हटलं."

पन्नास. त्रेपन्न. पान संपताना मागं यायचं, मधला शब्द धरून पुढं जायचं, तक्ता आला की उभा वाचायचा, आडवा नाही. सर घामाघूम झाले. इतकं बारकाईनं त्यांनी पीएच.डी.चा स्वतःचा प्रबंधसुद्धा वाचला नव्हता. साडेतीनला आकडा एक्काहत्तरवर गेला. पुढं सरकेना म्हणून वैजयंतीनं शंभराच्या पुढचं पान काढून दिलं, "इथं वाक्यं छोटी आहेत, सोपं जाईल."

त्या पानावर पाटकऱ्याचं वर्णन होतं. पाटकरी म्हणजे गावानं नेमलेला, पाटाचं पाणी पाळीपाळीनं वळवणारा माणूस. तो घड्याळाशिवाय पाळी कशी ओळखायचा, वाफ्यात पाऊल किती बुडतं यावरून पाणी कसं तोडायचा, हे लेखकानं शेजारी उभं राहून पाहिल्यासारखं लिहिलं होतं. सर वाचत गेले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"सर, आकडा पडला. चौतीसवर आलात."

"हं."

"सर! तुम्ही वाचायला लागलात. असं करू नका."

सरांनी दचकून वर पाहिलं. "हे मी कधी... म्हणजे हे माझ्या लक्षातच नव्हतं."

"वाचलं नव्हतं म्हणा," वैजयंती म्हणाली आणि शटर वर ढकललं. "एकोणीस वर्षं आम्हाला झापलंत हो तुम्ही."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी होती.

सोमवारी अकराला ग्रंथालयातल्या काचेच्या कक्षात वाचन झालं. समितीत निकुंभ, भूगोलाच्या देवरे मॅडम आणि यंत्र चालवायला विद्यापीठाचे तंत्रज्ञ सलीम तडवी. कक्ष म्हणजे टेलिफोन बूथएवढी काचेची खोली, आत एक खुर्ची, एक मेज. आतल्याला बाहेरचं ऐकू येत नाही आणि बाहेरच्यांना आतलं सगळं दिसतं. तडवींनी पुस्तक मिटून मध्येच उघडलं. पान दोनशे तेहतीस.

आधी वैजयंती आत गेली. तीन मिनिटांत बाहेर आली. पडद्यावर सत्त्याण्णव.

मग सर आत गेले. दार बाहेरून लागलं. सरांनी आखूड उड्या धरल्या, ओळीच्या शेवटी टेकले. पहिल्या परिच्छेदाला त्र्याहत्तर. निकुंभांनी देवरे मॅडमकडे पाहून मान हलवली, चाललंय. दुसरा परिच्छेद सुरू झाला.

'निंबवेल गावी दर चैत्रात पाटातील गाळ काढण्यास घरटी एक माणूस जात असे. पुढे मोठ्या घरांनी आपल्या जागी गडी पाठविण्यास आरंभ केला. त्यांचे पाहून मधल्या घरांनीही. हजेरी पूर्ण भरे. परंतु गडी दिसेल तेवढाच गाळ काढी. बारा वर्षांत पाट बुजला. वरचे धरण त्यानंतर सव्वीस वर्षांनी झाले.'

वरच्या धरणानं पांझरेचे पाट मारले, असं सर एकोणीस वर्षं शिकवत आले होते. त्यावर दर वर्षी प्रश्न होता आणि दर वर्षी मुलं तेच उत्तर लिहून पास होत होती. सर शेवटच्या वाक्यावरून मागं आले. 'हजेरी पूर्ण भरे.' पुढं गेले, पुन्हा मागं आले. 'हजेरी पूर्ण भरे.' आखूड उड्या कुठल्या कुठं गेल्या. बाहुली मोठी झाली. चार वेळा त्यांनी ते तीन शब्द वाचले, आणि काचेबाहेरची चार माणसं त्यांना ते वाचताना पाहत होती.

दार उघडलं तेव्हा पडद्यावर एकोणतीस होते. खाली आणखी एक ओळ आली होती. तडवींनी चष्मा सारखा करून ती वाचून दाखवली. "साहेब, हे पहिलं वाचन दाखवतंय."

"म्हणजे?" देवरे मॅडमनी विचारलं.

"दुसऱ्यांदा वाचताना थांबे आखूड होतात, मॅडम. मागं जाणं निम्म्यावर येतं. मेंदूला वाट ठाऊक असते ना. वैजयंतीताईंचं आज ते स्वच्छ दिसतंय, त्यांनी हे पान आधी वाचलेलं आहे. सरांनी हे पान आज पहिल्यांदा पाहिलं."

निकुंभ खाकरले. "यंत्रं चुकतात. सर दडपणाखाली होते. तडवी, 'यंत्रदोष' लिहा. समोरासमोर वाचन निष्फळ, मूळ निष्कर्ष कायम."

"लिहितो साहेब. पण यंत्रदोष लिहायला ज्यांचं वाचन झालं त्यांचा अंगठा लागतो." तडवींनी काचेची चकती सरांपुढं सरकवली. "सर?"

निकुंभ मान हलवत होते, किंचित, समजावल्यासारखी. देवरे मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. वैजयंती भिंतीला टेकून उभी होती. तिनं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पडद्याकडे पाहत होती.

चकती अंगठ्याच्या खाली होती. टेकवला की चौदा महिने सरळ.

"यंत्र बरोबर आहे," सर म्हणाले. "मी हे पुस्तक बासष्ट पानांपर्यंत वाचलेलं आहे. मूळवाचन या बाईंनी केलं. मी करायला लावलं."

"अहिरराव, बसा आधी. पाणी प्या."

"बसूनच होतो मी, सर. एकोणीस वर्षं." सरांनी हात खिशात घातला. "तडवी, लिहा. पहिलं वाचन."

निकुंभांनी जे सांगितलं होतं, ते झालं, फक्त क्रम थोडा वेगळा. विद्यापीठानं अकराही विभागांची मूळवाचनं रद्द केली. मराठीचे पगारे सर तेवढे सुटले आणि सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. साडेनऊशे मुलांचे वाचनगुण अडकले. मुलांनी पहिल्या दिवशी सरांच्या नावानं घोषणा दिल्या; दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयाच्या जिन्यावर बसून कोणाचे सर कितव्या पानावर आहेत, याची विचारपूस करू लागली. त्यांचा निकाल आता त्या पानांवर होता. सरांचं विभागप्रमुखपद काढून घेतलं, चौकशी लावली. वैजयंतीची चोरीची नोंद निघाली. दुसऱ्याच्या नावानं वाचल्याबद्दल एक सत्र गेलं आणि जूनमधली तासिकाही गेली. कनिष्ठ महाविद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते 'बघू' कुठल्या जातीचं, हे तिला ओळखता येत होतं.

नवं मूळवाचन अशाच काचेच्या कक्षात, दर विभागाला एक कक्ष, दहा ते पाच, दार बाहेरून बंद. पट्टी दुसऱ्याच्या कपाळावर जाऊ नये म्हणून बाहेर देखरेखीला एक विद्यार्थी बसवायचा, आणि तो असा हवा की त्या सत्रात त्याचं काही गुंतलेलं नाही. असा विद्यार्थी इतिहास विभागात एकच होता.

वैजयंतीनं नकार द्यायला हवा होता, असं तिच्या नवऱ्याचं मत. ती म्हणाली, "बसते. बघू तर दे, कसे वाचतात."

रोज दहाला ती सरांच्या कक्षाला कुलूप लावायची आणि समोर खुर्ची टाकून पडद्याकडे बघत बसायची. सर पहिल्या चार दिवसांत दोनदा झोपले, एकदा दोन पानं एकदम उलटली. तिन्ही वेळा तिनं काचेवर बोटाचं पेर वाजवलं. सरांनी मान वर केली नाही. चूक दुरुस्त केली आणि पुढं गेले. तक्त्यांवर त्यांची बाहुली अजूनही लहान राहायची, पण ते तक्ते ओलांडत नव्हते. जिन्यावरची मुलं विचारायची, "ताई, अहिरराव सर कुठवर?" ती आकडा सांगायची, बाकी काही सांगायची नाही.

अकराव्या दिवशी सर निंबवेलच्या पानावरून पुढं सरकले. त्या दिवशी पडद्यावरची रेघ अशी चालली होती की वैजयंती खुर्ची पुढं ओढून बसली. उलट्या उड्या कमी, थांबे सरळ, कानामागं एकही टिचकी नाही. पाच वाजले. तिनं कुलूप काढलं.

"सर, पाच."

"थांब. दोन पानं राहिलीत प्रकरणाची."

"पाचनंतर पट्टी बंद होते. पुढचं वाचन धरत नाहीत."

"न धरू दे."

"मग कक्ष कोण बंद करणार? मला दुकान उघडायचंय सर, प्रॅक्टिकलच्या वह्या आल्यात."

सरांनी पट्टी सोडली. कपाळावर दोन बोटं रुंद वळ उठला होता. पुस्तकात बोट घालून ते तसेच बसून राहिले. "गावानं पुन्हा सभा बोलावली, इथवर आलोय. निंबवेलचा पाट पुन्हा वाहिला का गं? तेवढं सांग."

वैजयंतीला ठाऊक होतं, पान क्रमांकासकट. तिनं त्यांच्या बोटाखालून पुस्तक अलगद काढून घेतलं, कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली.

"उद्या दहाला उघडते, सर."